मोरोक्कोचा चौथा क्रमांक

कतारमधील २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा अजूनही अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामन्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ते स्वाभाविकही आहे. ३-३ अशी बरोबरी, एम्बापेची हॅटट्रिक, जादा वेळेच्या अगदी अखेरीस एमिलियानो मार्टिनेझने पाय आडवा घालून रोखलेला कोलो मुआनीचा फटका आणि शेवटी मेस्सीच्या हाती आलेला करंडक, एवढे सगळे एका रात्रीत घडल्यावर आधीचा महिना पुसट होणारच. तरीही संघांच्या कामगिरीचा हिशेब मांडायला बसलो की माझ्यापुरता सर्वांत महत्त्वाचा संघ चौथ्या क्रमांकावरचा ठरतो, आणि तो म्हणजे मोरोक्को. या संघाविषयी दोन मते वारंवार कानावर येतात. पहिले, त्यांना नशिबाने साथ दिली. दुसरे, सगळी माणसे गोलसमोर उभी करून त्यांनी सामने कसेबसे ओढून नेले. मला ही दोन्ही मते पटत नाहीत.

नशिबाचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. क्रोएशिया आणि बेल्जियम, म्हणजे आधीच्या विश्वचषकातील उपविजेता आणि तिसऱ्या क्रमांकाचा संघ, ज्या गटात होते त्या गटात मोरोक्को पहिला आला. क्रोएशियाशी गोलशून्य बरोबरी, बेल्जियमवर २-० आणि कॅनडावर २-१ असे निकाल लागले. उपांत्य फेरीपर्यंतच्या पाच सामन्यांत त्यांच्यावर एकच गोल झाला, तोही बचावपटू अगेर्दच्या पायाला लागून गेलेला स्वयंगोल होता. स्पेनविरुद्धचे पेनल्टी शूटआउट धरूनही, फ्रान्सचा थेओ एर्नांदेझ येईपर्यंत प्रतिस्पर्ध्यांपैकी कुणालाही मोरोक्कोचा गोलरक्षक यासिन बोनो याला चकवता आले नाही. एखाद्या संध्याकाळी नशीब मदतीला येते. पाच सामने सलग येत असेल तर त्याला दुसरे काहीतरी म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यात खेळाविषयीची एक समजूत दडलेली आहे. चेंडू ज्याच्याकडे जास्त वेळ, तो संघ खेळला, आणि दुसऱ्याने नुसते अडवले, असे आपण धरून चालतो. मोरोक्कोचा बचाव नीट पाहिला तर त्यात आक्रमणाइतकेच काम दिसते. चार बचावपटूंच्या पुढे एकटा सोफ्यान अम्राबात उभा असे आणि त्याच्या पुढे चौघांची रांग. त्या रांगेच्या दोन टोकांना झियेश आणि बुफाल होते, म्हणजे मुळात चेंडूशी खेळण्यात रमणारे खेळाडू. पण तेही आपल्या बाजूच्या बचावपटूच्या मदतीला स्वतःच्या गोलपर्यंत धावत येत. दोन रांगांमधले अंतर इतके कमी ठेवलेले असे की प्रतिस्पर्ध्याला मधल्या पट्ट्यात चेंडू घेऊन वळायलाच जागा मिळत नसे. चेंडू हिसकावल्यावर तो आंधळेपणाने पुढे भिरकावण्याऐवजी मधल्या फळीतला उनाही दोघांना चकवून तो स्वतः वर घेऊन जाई. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या स्थानिक फुटबॉल संघांतला चुरशीचा सामना पाहिलेल्या कोणत्याही कोल्हापूरकराला हे समजावून सांगावे लागू नये, कारण तिथे चेंडू वेळेवर काढून घेणाऱ्या बचावपटूलाही गोल करणाऱ्याइतकीच दाद मिळते. मात्र विश्वचषक आला की आमच्याच पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक लागतात आणि आम्हीच पासची संख्या मोजू लागतो.

स्पेनविरुद्धचा सामना या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. स्पेनने हजारांच्या घरात पास दिले आणि १२० मिनिटांत एकही गोल केला नाही. सामन्यापूर्वी स्पेनचे प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी सांगितले होते की आपल्या खेळाडूंना त्यांनी क्लबमध्ये हजार पेनल्टींचा सराव करून यायला बजावले होते. सराबियाला तर जादा वेळ संपत आल्यावर जणू त्याच कामासाठी मैदानात आणले. त्याचा एक फटका खेळ सुरू असताना अगदी शेवटी खांबाला घासून बाहेर गेला आणि काही मिनिटांनी त्याची पेनल्टीही खांबावरच आदळली. सोलेर आणि बुस्केट्स यांचे फटके बोनोने अडवले. त्यानंतर अश्रफ हकिमी आला. माद्रिदमध्ये जन्मलेल्या आणि रियाल माद्रिदच्या युवा संघांत घडलेल्या या खेळाडूने स्पेनला घरी पाठवणारी पेनल्टी कशी मारली, तर गोलरक्षक बाजूला झेपावेल याची खात्री धरून चेंडू हलकेच मधोमध उचलून दिला. असा फटका भेदरलेल्या संघाचा खेळाडू मारत नाही.

उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालविरुद्ध तर अगेर्द आणि मझरावी हे दोन नेहमीचे बचावपटू दुखापतींमुळे नव्हते आणि कर्णधार साइसला दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीसच स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. तरी बदली खेळाडूंनी रचना तशीच टिकवली. एन-नेसिरीच्या ज्या हेडरने सामना जिंकला, त्याला क्रॉस देणारा अत्तियत अल्ला हा मझरावीच्या जागी आलेला, कासाब्लांकाच्या विदाद क्लबचा खेळाडू होता. आफ्रिकेतला कोणताही संघ त्याआधी उपांत्य फेरीत पोहोचला नव्हता. १९९० मध्ये कॅमेरून, २००२ मध्ये सेनेगल आणि २०१० मध्ये घाना उपांत्यपूर्व फेरीतच थांबले होते.

या संघाची उणीवही सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे नुसते कौतुक होईल. फ्रान्सने उपांत्य सामन्यात पाचव्याच मिनिटाला गोल केला आणि नंतर चेंडू बिनदिक्कत मोरोक्कोच्या ताब्यात दिला. जे हत्यार मोरोक्कोने इतरांवर चालवले होते, तेच त्यांच्यावर उलटले. मध्यंतरापूर्वी एल यामिकची सिझर किक, म्हणजे हवेत उलटे होऊन मारलेला फटका, खांबाला लागली; बाकी दबाव बराच आणला तरी अखेरचा पास जुळेना, आणि सामना ०-२ असा गेला. हा केवळ थकव्याचा परिणाम नव्हता. पुढे जानेवारी २०२४ मध्ये आफ्रिका चषकात दक्षिण आफ्रिकेनेही त्यांना बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात २-० असे हरवले, आणि तिथेही मागे पडल्यावर बंद बचाव कसा फोडायचा याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

आणखी एक कुजकट शेरा असा असतो की हा संघ ‘उसना’ होता, कारण २६ पैकी १४ खेळाडू मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. झियेश आणि अम्राबात नेदरलँड्समधले, बोनो मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेला, प्रशिक्षक वालिद रेग्रागुईदेखील मूळचे फ्रान्समधलेच. स्थलांतरितांची मुले हा संघ निवडतात, यात उसने काय आहे ते मला कळत नाही. शिवाय एन-नेसिरी, अगेर्द आणि उनाही हे तिघे मायदेशातल्या मोहम्मद सहावे अकादमीतून आले, जी विश्वचषकाच्या दशकभर आधीपासून मुले घडवत होती. रेग्रागुई यांनी सूत्रे घेतली ती स्पर्धेच्या तीनच महिने आधी, आणि आधीच्या प्रशिक्षकांशी बिनसल्याने दुरावलेल्या झियेशला त्यांनी परत आणले, हे खरे. पण पायाच नसता तर तीन महिन्यांत एवढे साधले नसते. २०२४ च्या ऑलिंपिकमधील कांस्यपदक आणि २०२५ मध्ये अर्जेंटिनाला नमवून जिंकलेला २० वर्षांखालील विश्वचषक यांनी तो पाया होता की नाही हा प्रश्न निकालात काढला आहे.

जपानविषयीही असेच बोलले जाते. जर्मनीविरुद्ध मध्यंतरानंतर तीन बचावपटूंची रचना करून सामना फिरवणे आणि स्पेनविरुद्ध १८ टक्क्यांहून कमी वेळ चेंडू मिळूनही २-१ असे जिंकणे हे प्रशिक्षक मोरियासू यांचे डोके होते. फक्त जपानला सातत्य दाखवता आले नाही. मधल्या सामन्यात कोस्टारिकाकडून हरल्यामुळे मी त्यांना मोरोक्कोच्या पंक्तीला बसवणार नाही.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना क्रोएशियाने २-१ असा जिंकला, त्यामुळे तक्त्यात तो वर आहे. मॉड्रिचच्या चाहत्यांचा रोष पत्करून सांगतो, कामगिरीच्या क्रमात मी मोरोक्कोला वर ठेवेन. क्रोएशियाने सात सामन्यांत ९० मिनिटांत जिंकलेले सामने दोनच, कॅनडाविरुद्धचा आणि हा. जपान आणि ब्राझील यांना त्यांनी पेनल्टींवर हरवले. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी क्रोएशियाची बाजू जरूर मांडावी, मात्र त्याआधी बेल्जियमविरुद्धच्या गटातल्या शेवटच्या सामन्यात बेल्जियमच्या लुकाकूने गोलसमोर घालवलेल्या संधी एकदा पाहून घ्याव्यात.