शेवाळी की पोपटी?

तीन आठवडे खोकून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "बेडका पडतो ना? रंग कसा आहे?"

चिंतामणी आणि मोरपंखी यांतला फरक कळत नाही म्हणून साडीच्या दुकानात मला केव्हाच बाहेरच्या बाकावर बसवलं जातं. तरी धीर करून म्हटलं, "पोपटी."

"पोपटी कुठला, शेवाळी," ही म्हणाली. हिने कधी बघितला, देव जाणे.

डॉक्टर मात्र खुलले. हिरवेपणा जंतूंचा नसतो म्हणे. त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींत एक हिरवट एन्झाइम असतं, त्याचा तो रंग. (पांढऱ्या पेशी आतून हिरव्या! कुणाचा भरवसा धरायचा?) म्हणून नुसता रंग बघून अँटिबायोटिक द्यायचं नसतं. गंजासारखा तांबूस असेल तर न्यूमोनियाची शंका. कोळशाच्या खाणीतल्या कामगारांचा काळासुद्धा असतो. गुलाबी फेस आणि धाप म्हणजे फुप्फुसात पाणी, तिथे मग रंगाची चर्चा करत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. मला माझ्या शेवाळीबद्दल एकदम माया वाटायला लागली.

पण दोन आठवड्यांवर खोकला म्हणजे टीबीसाठी थुंकी तपासायचीच. दोन नमुने: एक लगेच, दुसरा सकाळी उठल्या उठल्या.

पहिली डबी मी रुमालाखाली झाकून खिडकीशी नेली. तिथल्या ताईंनी ती उजेडात धरून तिरकी केली आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काका, ही लाळ आहे. बेडका हवाय. छातीतून काढा!"

दुसऱ्या दिवशी पहाटे चूळ भरून बाल्कनीत उभा राहिलो. खोल श्वास घेतला. खोकला नाही! शोकसभेत दोन मिनिटं शांतता पाळताना न चुकता येणारा खोकला, डबी बघून बुजला. खाकर खाकर खाकरलो. समोरच्या बाल्कनीतले नाना चहाचा कप घेऊन आत गेले. दिवे लागले. अखेर सुपारीएवढा ऐवज डबीत पडला.

ताईंनी पुन्हा डबी तिरकी केली. "हां, आता कसा छान आलाय!"

पुढे रिपोर्ट निगेटिव्ह आला, ते ठीकच. पण त्या सकाळी मी खिडकीपासूनच हिला फोन लावला. म्हटलं, "अगं, छान आहे म्हणाल्या!"

"ते असू दे," ही म्हणाली, "रंग कुठला म्हणाल्या?"