पाणी पिण्यायोग्य आहे म्हणे, मग गिझर का मेला?

"पाणी पिण्यायोग्य आहे." बास. या एका वाक्यावर आमच्या पाणी खात्याचा सगळा कारभार चाललाय. नळाच्या तोटीवर पांढरा थर चढला, तक्रार करा, पाणी पिण्यायोग्य आहे. साबण घासून हात दुखला तरी फेस नाही, पाणी पिण्यायोग्य आहे. अरे बाबा, असेल, मी कधी म्हटलं विष आहे? पण मी दिवसाला पिते किती, दोन-तीन लिटर, बाकी सगळं पाणी अंघोळ, भांडी, कपडे, फरशी यातच जातं ना, आणि तिथं त्यानं जो उच्छाद मांडलाय त्यावर कोणी तोंड उघडेल तर शपथ.

परवा गिझरची कॉइल गेली. प्लंबरनं ती बाहेर काढली तर बोटाएवढी नळी थर चढून मनगटाएवढी झालेली, स्क्रूड्रायव्हरनं ठोकलं तशा करड्या-पांढऱ्या खपल्या बादलीत पडायला लागल्या आणि खाली धातूला उभी चीर. आणि तो अगदी शांतपणे, "ताई, या भागात असंच असतं." असंच असतं म्हणजे? पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात, गार पाण्यात दिसत पण नाहीत, तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियमची चुनखडी होऊन बसते, आणि बसते कुठं तर जिथं सगळ्यात जास्त गरम, म्हणजे नेमकी कॉइलवर. मग त्या थरामुळं उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल स्वतःच तापत बसते, वीज फुकट जळते आणि एक दिवस फट्. हिशोब करून बघा, हार्डनेस, म्हणजे पाण्यातल्या या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, लिटरला 180 मिलिग्रॅमच्या वर गेला की पाणी खूप जड धरतात, समजा 300 आहे आणि घरात रोज 500 लिटर लागतं, तर दिवसाला 150 ग्रॅम, महिन्याला साडेचार किलो क्षार घरातून फिरून जातो. सगळा बसत नाही, बराचसा गटारात जातो, पण जो बसतो तो माझ्या खिशावर बसतो.

आणि मग सल्ला देणारे. आरओ लावा. आहे लावलेला, पण आरओच्या पाण्यानं अंघोळ करू का मी? त्यात तो गाळून जेवढं देतो त्याहून जास्त पाणी बाहेर फेकतो, ते वेगळंच. दुसरा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार सांगणारं यंत्र, घेऊन येतो, ग्लासात बुडवतो आणि आकडा वाचून डॉक्टरसारखा चेहरा करतो. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच बघतो हो, त्यातला किती भाग हार्डनेस आणि किती साधं मीठ हे त्याला कळत नाही आणि जंतूंचं तर विचारूच नका. उकळून घ्या म्हणे, उकळून बायकार्बोनेटचा जडपणा जातो, सल्फेट-क्लोराइडचा तसाच राहतो. तुरटी फिरवा म्हणे, तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, हार्डनेसला ती काही करत नाही. राहता राहिला सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करायचं यंत्र, तो खरंच काम करतो, कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, पण त्याला जागा पाहिजे, आतले रेझिनचे दाणे धुवायला मीठ पाहिजे, आणि बसवणाऱ्याचा पहिलाच प्रश्न, तुमच्या पाण्याचा हार्डनेस किती?

इथंच माझं डोकं फिरतं. कुठल्या दिवसाचा सांगू? नदीचं पाणी कमी पडलं की हे लोक त्यात बोअरचं मिसळतात, कधी मिसळतात, किती मिसळतात, कुठल्या टाकीला जातं, कोणालाही सांगत नाहीत. एका आठवड्यात डोक्यावर छान फेस, पुढच्या आठवड्यात केसांचा नुसता चिकट गुंता. जमिनीखालचं पाणी खडकातून मुरत आलेलं, ते जड असणारच, त्याबद्दल मी भांडत नाहीये. उद्याच्या उद्या मऊ पाण्याचा प्लांट उभा करा असंही म्हणत नाही, चुना टाकून पाणी मऊ करायचं पेटंट 1841 चं आहे म्हणजे कोणाला माहीत नाही अशातला भाग नाही, पण पैसा लागतो, ठीक आहे. पण आकडा तरी सांगा! पाण्यात रंग घालून थेंब थेंब ईडीटीए नावाचं रसायन टाकायचं, लालसर रंग निळा झाला की थांबायचं, एवढीच टेस्ट आहे, काही मिनिटांची, यांच्या लॅबमध्ये होत नसेल असं होऊच शकत नाही. पाणीपट्टी थकली की मेसेज लगेच येतो ना, त्याच नंबरवर "आजपासून बोअरचं पाणी, हार्डनेस इतका" एवढं टाकायला काय जातं?

बरं ते पिण्यायोग्य तरी कुठं तपासलं तुम्ही, टाकीवर की माझ्या नळाला? पाणी सुटल्यावर पहिली बादली तपकिरी येते, कधीकधी वासही मारतो. पाणी बंद असतं तेव्हा पाइप रिकामे होतात आणि जिथं फुटलेले आहेत तिथून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते नळापर्यंत पोचताना लिटरला जंतू मारायला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे. जडपणाला त्यांनी आरोग्याची अशी मर्यादा घातलेली नाही, म्हणून त्या विषयात हे लोक बिनधास्त सुटतात, पण क्लोरीनचं तरी दाखवा, या माझ्या घरी, माझ्या नळाला लावा तुमची किट!

आणि कृपा करून व्हिनेगर सुचवू नका. शॉवरच्या जाळीला व्हिनेगरची पिशवी रात्रभर बांधून ठेवते मी, थोडी भोकं उघडतात, त्यातलं एक सरळ भिंतीवर फवारतं. वॉशिंग मशीनला काय बांधू?