रवाळ मध, खवळलेले काका

डावी पापणी सुजून डोळा पार मिटलाय. उजव्या डोळ्याने हे लिहितोय, आणि त्या डोळ्यात राग आहे. मधमाशीवर नाही. माशीचं काय चुकलं? पेटी उघडण्याआधी मीच केळं खाल्लं. डंख मारताना माशी जो धोक्याचा गंध सोडते, त्यातला मुख्य घटक पिकल्या केळ्यातही असतो. डंखाला मागे वळलेले आकडे, त्यामुळे तो विषाच्या पिशवीसकट कातडीतच राहतो आणि पिशवी विष सोडतच राहते. नखाने खरवडायचा की चिमटीने ओढायचा, हा वाद नंतर घालावा, आधी काढावा.

तो काढत होतो तेवढ्यात शेजारचे काका कुंपणाशी हजर. गेल्या महिन्यात फुकट दिलेली मधाची बाटली त्यांनी अशी लांब धरली होती, जणू आत झुरळ निघालंय.

"हे काय?"

"मध. रवा धरलाय."

"ह्यात साखर आहे."

"मधात साखरच असते, काका. ग्लुकोज, फ्रुक्टोज..."

"म्हणजे कबूल करता!"

"अहो, माश्यांनी केलेली!"

"माश्यांवर ढकलू नका. मी पाण्याच्या पेल्यात टाकून पाहिलाय."

"तळाशी गेला?"

"सरळ तळाशी."

"मग?"

"मग काय! बुडालाच ना शेवटी?"

साखरेचा घट्ट पाकही तसाच बुडतो, त्या परीक्षेने काहीच ठरत नाही, हे मी सांगितलं नाही. तेवढं बळ नव्हतं. ग्लुकोज जास्त असलेला मध लवकर थिजतो. मोहरीच्या फुलोऱ्याचा तर काही आठवड्यांतच. बाटली चाळीस अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ. उकळायची नाही, वास उडतो.

आणि हा मध मी घाईने काढलेला नव्हता. चौकटीतली तीन चतुर्थांश घरं माश्यांनी मेणाने बंद करेपर्यंत थांबलो होतो. कच्च्या मधात पाणी जास्त राहतं, तो फसफसतो. पेटीच्या चारही पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या, त्या रोज भरा. पोळं पोखरणाऱ्या मेणकिड्यासाठी पेटीचा तळपाट झाडा. हे काकांना दिसत नाही. काकांना दिसतात काकड्या.

काकडीचा वेल कुंपणावरून त्यांच्याकडे उतरलाय. मादी फूल एकच दिवस उमलतं. त्यावर माश्यांच्या पुरेशा खेपा झाल्या नाहीत तर फळ एका टोकाला बारीक राहून वाकतं. सरळ काकड्या काका नेतात, वाकड्या "तुमच्या" म्हणून ठेवतात. जून झालेल्यांना तर हातही लावत नाहीत. एखादी वेलावर पिवळी पडली, बिया धरल्या, की वेल नवी फळं धरायचं आवरतं घेतो. दहादा सांगितलं.

कालही चार तोडल्या. सरळ. मग बाटली पुन्हा काखेत मारली.

"साखर तर साखर. वाया कशाला घालवायची?" दोन पावलं गेले, वळले, माझ्याकडे निरखून पाहिलं.

"रांजणवाडी झालीय वाटतं. हात धूत जा जरा."