सुशीलेची शिस्त

31 वर्षं मी पोरांना रांगेत उभं राहायला शिकवलं. त्याच भरवशावर मुंबईला जाताना पुतण्या म्हणाला, "काका, पावसाळाभर घोडी सांभाळा ना. अलिबागच्या किनाऱ्यावर आता धंदा तसाही बंदच." मी हो म्हणालो. बायको काही न बोलता आत गेली. तिचं न बोलणं मला कळायला हवं होतं.

घोडीचं नाव सुशीला. ठेवणाऱ्यानं तिला लांबूनच पाहिलं असणार.

तशी दुष्ट नव्हती हो. चावत नव्हती, दुगाण्या झाडत नव्हती. फक्त तिच्या लेखी मी नव्हतोच. असलोच तर पाठ खाजवायचा खांब. चंदीची बादली दिसली की साडेतीनशे किलोंचं ते ध्यान छातीनं रेटत मला सुपारीच्या झाडाला टेकवायचं. म्होरकी चढवताना डोकं असं घासायची की सदऱ्याची बटणं अंगणात.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या पायावर उभी राहिली. चुकून पाय पडला, उचलला, असं नव्हे. उभी राहिली. तिचा डावा खूर नालेसकट माझ्या उजव्या चपलेवर, आणि नजर समुद्राकडे, पाहुणे यायचे असल्यासारखी. मी खांद्यानं ढकललं, तर तिनं उलट अंग माझ्यावरच टाकलं. घोडा रेटणाऱ्यालाच रेटतो, हे ज्ञान मला अंगठ्यातून मिळालं. "सुशे, पाय!" पासून "सुशीलाबाई, कृपा करा" पर्यंत सगळं म्हणून झालं. नख अजून काळं आहे.

आळीतले एक म्हातारे टांगेवाले माझं लंगडणं बघून आपणहून आले. ओहोटीला प्रवाशांना गाडीत घालून कुलाबा किल्ल्याला नेण्यात त्यांचा जन्म गेलेला. गडग्यावर बसून बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, घोडी शिकलेली हाय. तुमीच शिकवलंत."

"मी? काय शिकवलं?"

"ती पुढं आली की तुमी मागं जाता. घोड्यांत जो दुसऱ्याला हलवतो तो मोठा. दिवसातनं वीस वेळा हिचा पहिला नंबर काढता तुमी."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. कोणाची, ते विचारू नका. घोड्याकडे डाव्या अंगानं जायचं. डाव्या कमरेला तलवार लावणाऱ्या स्वारांपासूनची रीत म्हणे. माझ्याकडे छत्री होती. अगदी कपाळासमोर आणि शेपटीमागे उभं राहायचं नाही, कारण डोळे बाजूंना असल्यानं तिथलं तिला दिसत नाही. दोर हलवून हलका दाब द्यायचा आणि तिनं अर्धं पाऊल जरी मागे घेतलं, तरी त्याच क्षणी हात सैल.

"सोडलं तेच बक्षीस," म्हातारे म्हणायचे. "वडण्यानं शिकत नाय, सोडण्यानं शिकते."

माझं घोडं इथेच अडलं. ती मागे गेली की मी "शाब्बास, बाळा" करत राहायचो. हात सैल करायचं आठवेपर्यंत ती पुढे आलेली असायची. म्हणजे बक्षीस पुढे घुसल्याचं! सहामाहीचे पेपर मी दिवाळीनंतर वाटायचो. इथे निकाल डोळ्याची पापणी लवायच्या आत लावायचा होता.

अशात एकदा बायको मागल्या दारानं बाहेर आली. हातात आमटीचा पळा. पळा उंचावून म्हणाली, "मागं हो!"

आम्ही दोघंही मागं झालो.

म्हातारे गडग्यावरून उठून उभे राहिले. म्हणाले, "वैनींना विचारायचंत ना आधी."

तरी माझंही हळूहळू जमलं. नुसतं बोट उचललं की सुशीला दोन पावलं मागे जाऊन मान खाली घालायची. मी थांबलो की थांबायची. नारळी पौर्णिमेनंतर ओहोटी बघून आम्ही तिला किनाऱ्यावर नेलं. ओली वाळू, समोर किल्ला, घोडी हातभर अंतर राखून चाललेली. मी ओळखीच्या दोघांना मुद्दाम हाक मारली.

तेवढ्यात वाऱ्यानं एक काळी प्लास्टिकची पिशवी फडफडत आली. सुशीला फुरफुरली आणि उडालीच! पण माझ्या अंगावर नाही, पलीकडे, दोराच्या टोकाला. तिथेच थरथरत उभी राहिली.

मी मात्र दचकून थेट म्हाताऱ्यांच्या पायावर.

त्यांनी शांतपणे बोट उचललं. "मास्तर, मागं."