'शाळा चालू असतानाच थीम पार्कला जा' : या सल्ल्यात काय खरं, काय अर्धवट

थीम पार्कच्या सहलीचा विषय निघाला की एक सल्ला हमखास पुढे येतो : 'शाळा चालू असताना जा. सप्टेंबर गाठा, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारी, आणि त्यातही मंगळवार-बुधवार. रांगा नाहीत, तिकीट स्वस्त, सगळ्या राइड्स पदरात.' सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यावर विसंबून लोक साठवलेले पैसे आणि महत्प्रयासाने मिळालेली रजा खर्ची घालतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

'माणसं कमी म्हणजे रांग कमी.' मोठी गल्लत इथेच आहे. रांग किती वेळ खाणार हे माणसांच्या संख्येइतकंच राइड तासाला किती जणांना फिरवून आणते यावर ठरतं. समजा, एका रोलरकोस्टरवर दोन गाड्या धावत असताना तासाला ८०० जण बसतात. शांत दिवशी पार्कने एकच गाडी सोडली, तर तो आकडा ४०० च्या आसपास येतो. समोर ४०० माणसं उभी असतील तर अर्ध्या तासाची वाट आता तासाची झाली. हंगाम नसताना कर्मचारीही कमी ठेवले जातात आणि पार्क लवकर बंद होतं. रात्री अकरापर्यंत उघडं असणारं पार्क आठला मिटलं, तर दिवसातले तीन तास गेले. गर्दीचे अंदाज सांगणारे हे तास क्वचितच हिशेबात धरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण लहान मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाला संध्याकाळचे थंड तासच सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

'सगळ्या राइड्स मिळतात.' उलट, मोठी दुरुस्ती काढायला पार्कांना हाच काळ सोयीचा असतो. पाण्याच्या राइड्स थंडीत बंद ठेवणं तर सर्रास चालतं. काही पार्कं मुळात बारमाही नाहीतच. अमेरिकेतल्या ओहायोमधलं सीडर पॉइंट हिवाळ्यात बंद असतं. जर्मनीतलं युरोपा-पार्कही हिवाळी हंगाम संपला की वसंतापर्यंत दारं उघडत नाही.

'सप्टेंबर सर्वांत उत्तम.' हा सल्ला मुख्यतः फ्लोरिडाच्या ओरलँडोवरून आलेला आहे, आणि तिथे सप्टेंबरात रांगा आखूड असतात हे खरं. पण अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो आणि त्याचा कळस सप्टेंबरातच येतो. २०१७ मध्ये 'इर्मा' आणि २०२२ मध्ये 'इयन' या वादळांमुळे तिथलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड बंद ठेवावं लागलं, आणि दोन्ही वेळा महिना सप्टेंबरच होता. दर सप्टेंबरात असं घडत नाही. तरीही जाणार असाल तर विमान आणि हॉटेलच्या रद्द करण्याच्या अटी आधी वाचा. तिथला उन्हाळाही अजून सरलेला नसतो : दुपारी विजांचा कडकडाट सुरू झाला की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. जपानकडे जाणाऱ्यांनाही सप्टेंबर निर्धास्त नाही. तो तिथल्या टायफूनचा काळ आहे.

'शाळा चालू असताना.' पण कुणाच्या शाळा? जपानचं शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये संपतं, त्यामुळे आपल्या मुलांच्या शाळा चालू असतानाच टोकियो डिस्नेलँडला विद्यार्थ्यांचे घोळके लोटतात. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला तिथे 'गोल्डन वीक'च्या सुट्ट्या येतात. चीनमध्ये १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाची मोठी सुट्टी असते, ती शांघायला जाणाऱ्याने टाळावी. अमेरिकेत फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारची सुट्टी मोठ्या वीकएंडला जोडून येते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या शिक्षकांचं अधिवेशन असतं आणि तिथल्या शाळा बंद राहतात, त्या आठवड्यात ओरलँडोत तिकडची कुटुंबं भरपूर दिसतात. तेव्हा कॅलेंडर बघायचं ते पार्क ज्या देशात आहे तिथलं.

मंगळवार-बुधवारबद्दल थोडक्यात : वारापेक्षा त्या दिवशी पार्कात काय आहे ते महत्त्वाचं. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंग्डम या पार्कात हॅलोविन आणि नाताळच्या पार्ट्यांना वेगळं तिकीट लागतं. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळीच बाहेर पडावं लागतं. म्हणून दिवसा गर्दी कमी असू शकते, पण रात्रीची आतषबाजी हुकते. तुम्हाला यातलं काय हवंय?

'तिकीट स्वस्त' हा दावा मात्र बहुतांशी खरा आहे. वॉल्ट डिस्ने वर्ल्डने ऑक्टोबर २०१८ पासून आणि टोकियोने मार्च २०२१ पासून तारखेनुसार दर ठेवले आहेत, आणि कमी मागणीच्या तारखा खरोखर स्वस्त पडतात. फक्त त्या दिवशी पार्क किती तास उघडं आहे आणि काय काय बंद आहे, हे तिकीट काढण्याआधी पार्कच्या स्वतःच्या वेळापत्रकात बघा.

शाळेत न जाणारी मुलं किंवा ऊन न सोसणारे आजी-आजोबा सोबत असतील तर जानेवारी खुशाल निवडा. पोहण्याची आणि पाण्याच्या राइड्सची हौस असलेल्या मुलांसाठी तोच महिना चुकीचा ठरेल. आणि ज्यांना शाळेच्या सुट्टीतच जमतं, त्यांनी या सल्ल्यापायी सहल रद्द करू नये. पार्क उघडण्याआधी दारात हजर राहा आणि सगळ्यात लाडकी राइड पहिल्या तासात उरका. दुपारी मुक्कामावर परतून झोप काढा आणि संध्याकाळी पुन्हा या. सुट्टीच्या दिवसांत पार्क उशिरापर्यंत उघडं असतं, म्हणून हे जमतं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा तेवढा टाळता आला तर जरूर टाळा.