‘शरीर हाच डॉक्टर’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पाऊस सुरू झाला की कोल्हापुरात पेठांच्या आणि तालमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. थोडक्यात असा: ताप-जुलाब ही शरीराची सफाई, ती थांबवू नका. अँटिबायोटिक पांढऱ्या पेशी मारतं. आयतं मिळालं की पैलवान ढिला पडतो, तशी औषधाने प्रतिकारशक्ती आळसावते. आजोबांनी कधी सुई टोचून घेतली नाही, तरी ठणठणीत होते.

आजोबांपासूनच सुरू करू. त्या पिढीतल्या कुणाचाही दंड बघा, देवी काढल्याचा वण बहुधा सापडेलच. त्याच लसीमुळे देवीचा रोग जगातून गेला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीरही केलं. आणि लहानपणीच देवी-घटसर्पाने गेलेली पोरं आजोबा झालीच नाहीत, ती कुणाच्या मेसेजात येणार?

तापाचं अर्धं खरं आहे. ताप आपला मेंदूच चढवतो, आणि थोड्या तापात पांढऱ्या पेशी जोमाने काम करतात. म्हणूनच अंग कोमट असूनही खेळणाऱ्या पोराला लगेच गोळी लागत नाही. पण पॅरासिटामॉलने ही लढाई बंद पडत नाही. ताप आणि अंगदुखी उतरते, माणूस पाणी पितो, दोन घास खातो, झोपतो.

जुलाबाला मात्र सफाई म्हणणं घातक. माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि मीठ गेल्याने. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं आणि ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. ओआरएस एकही जंतू मारत नाही. आतड्यात साखरेबरोबर मीठ आत शिरतं, मागोमाग पाणी. शरीराला लढायला तेवढी सवड मिळते.

आता अँटिबायोटिक. पेनिसिलिन जंतूभोवतीची भिंत बांधू देत नाही. आपल्या पेशींना ती भिंतच नसते, मग पांढऱ्या पेशी मरतील कशा? पंचगंगेचा पूर ओसरल्यावर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची, भीती असते: उंदराच्या मुतातले जंतू चिखलपाण्यातून पायाच्या भेगेवाटे आत जातात. त्यावर दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन जंतूंना प्रथिनं बनवू देत नाही, त्यांची वाढ खुंटते. पुढचा निकाल पांढऱ्या पेशीच लावतात. ज्यांच्या या पेशी फार कमी झाल्यात, त्यांना अँटिबायोटिक देऊनही डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळतं ते यामुळेच. साध्या सर्दीला मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाणं चूकच. विषाणूवर ते चालत नाही आणि जंतू मात्र निर्ढावतात. ही खरी तक्रार त्या मेसेजात नाहीच!

राहिला पैलवान. लस आयतं काही देत नाही, ती मेहनत करून घेते. मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, नाहीतर त्याचा तुकडा समोर टाकते. शरीर स्वतः प्रतिपिंडं, म्हणजे त्या जंतूला धरणारी प्रथिनं, बनवतं आणि तो डाव लक्षात ठेवतं. खरा जंतू आला की मग वेळ लागत नाही.

आणि सगळंच शरीरावर सोडायचं तर रेबीजचं काय? कुत्र्याच्या लाळेतला विषाणू चावल्या जागेवरून नसांतून मेंदूकडे सरकतो, शरीराला फारसा पत्ता लागत नाही. लक्षणं दिसली की माणूस बहुतेक वाचतच नाही. सुदैवाने मेंदूपर्यंतच्या वाटेत त्याचा बराच वेळ जातो, लस तेवढ्यात काम करते. पण लसीची प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. म्हणून चावल्याने रक्त आलं असेल तर पहिल्याच दिवशी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन जखमेत आणि भोवती देतात. इथे आयतंच लागतं. तेव्हा कुत्रं चावलं तर जखमेत मिरचीपूड भरू नका. साबण लावून नळाच्या धारेखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पुढच्या सुयांच्या तारखा तिथे कार्डावर लिहून देतील, त्यातली एकही चुकवू नका.