इअर कँडलिंगला आम्ही नकार दिला, त्याबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आईंच्या कानाला दडा बसलाय म्हणून तुम्ही मसाजसोबत इअर कँडलिंग, म्हणजे मळ काढायला कानात पोकळ मेणबत्ती उभी करून पेटवणं, मागितलंत आणि आमच्या मसाज सेंटरमधल्या मुलीने नाही म्हटलं, हा तुमचा राग. गोव्याच्या एका रिसॉर्टमध्ये तुम्ही स्वतः ते करून घेतलंत, मेणबत्तीत निघालेल्या मळाचा फोटोही टाकलात. हे हजारो वर्षांपासून चालत आलंय, येत नसेल तर तसं सांगा, घाबरवता कशाला, असं तुमचं म्हणणं.

आधी आमच्या मुलीबद्दल. ती जे बोलली ते माझ्या सांगण्यावरून. आमच्या सेंटरमध्ये कुणाच्याही कानात मेणबत्ती लावायची नाही, गिऱ्हाईक कितीही पैसे देवो, हा नियम मी केलाय. ‘आधी कान डॉक्टरांना दाखवा’ असं तिने आईंना सांगितलं, हे तुम्हीच लिहिलंय. तिला कामावरून काढा म्हणता, ते होणार नाही. मला तिचा अभिमान वाटतो.

आता तो फोटो. लोकांचा विश्वास बसतो तो त्याच्यामुळेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ही मेणबत्ती म्हणजे मेणात बुडवलेल्या सुती कापडाची पोकळ नळी. पेटवली की मेण वितळतं, त्यात काजळी आणि अर्धवट जळलेलं कापड मिसळतं आणि ते सगळं खालच्या टोकाशी साठतं. पिवळट-तपकिरी, थोडं चिकट, थोडं भुकटीसारखं. दिसायला अगदी कानातला मळ. एक विक्रेता आमच्याकडे खोकं घेऊन आला होता. त्याच्यासमोरच मी एक मेणबत्ती रिकाम्या बरणीच्या तोंडावर धरून जाळली आणि उरलेला तुकडा कात्रीने उभा कापला. आत तुमच्या फोटोतल्यासारखाच ‘मळ’ होता. बरणीला कुठले आलेत कान? तुमच्याकडे एखादी मेणबत्ती उरली असेल तर घरी करून बघा, फक्त खिडकीच्या पडद्यांपासून लांब.

ज्योतीमुळे ओढ तयार होते आणि मळ वर खेचला जातो, असं सांगतात. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी १९९६ मध्ये हे मोजून पाहिलं. ओढ अजिबात तयार झाली नाही. कानातला मळ कमी झाला नाही, उलट काही कानांत मेणबत्तीचंच मेण जाऊन बसलं. त्याच अभ्यासात १२२ तज्ज्ञांना विचारलं, तर या मेणबत्त्यांमुळे कानाला झालेल्या २१ इजा समोर आल्या. बहुतेक भाजल्याच्या, काहींचा कान मेणाने बंद झालेला, एकाच्या कानाच्या पडद्याला भोक. आणि मळ तर कातडीला चिकटून असतो. तो उपटून निघेल एवढी ओढ खरंच लागली असती, तर पडद्याचं काय झालं असतं?

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २०१० मध्ये या मेणबत्त्यांबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला. कॅनडाच्या आरोग्य खात्याने उपचारासाठी अशा मेणबत्त्या विकायला कुणालाही परवाना दिलेला नाही.

परंपरेचं म्हणाल, तर पाकिटांवर अमेरिकेतल्या होपी आदिवासींचं नाव असतं. होपी लोकांनीच ‘ही आमची प्रथा नाही, कधीच नव्हती’ असं जाहीर सांगितलंय. कुणी आयुर्वेदाचं नाव घेतं. आयुर्वेदात कर्णपूरण (कानात औषधी तेल भरणं) आहे, कर्णधूपनही (कानाला औषधी धुरी देणं) आहे, पण तिथे वैद्य आधी कान तपासतो आणि मग ठरवतो. पेटती मेणबत्ती कानात उभी करून मळ ओढून काढणं हा प्रकार वेगळाच.

आईंना मधुमेह आहे आणि त्या कानाचं मशीन वापरतात, हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय, म्हणून त्याबद्दल बोलते. मशीन लावणाऱ्यांच्या कानात मळ जास्त अडकतो, कारण बाहेर पडायची वाटच बंद असते. एरवी जबडा हलतो, कातडी हळूहळू बाहेर सरकते, त्यासोबत मळही येतो. वयानुसार तो कोरडा आणि घट्ट होत जातो. आणि मधुमेहात कानातली छोटीशी जखमसुद्धा चिघळून मोठं दुखणं होऊ शकतं. अशा कानावर गरम मेणाचा एक थेंब पडला तर? म्हणून तर त्या मुलीने पाय मागे घेतला, ताई.

कान-नाक-घसा डॉक्टर दुर्बिणीतून बघून सक्शनने किंवा हत्याराने मळ काढतात. खडा झाला असेल तर आधी काही दिवस मऊ करायचे थेंब देतात. ते थेंबसुद्धा विचारल्याशिवाय घालू नका, पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल तर त्रास होतो. घरी कानकोरणं, पिना, बड्स नकोत, मळ आणखी आत जातो. आणि दडा म्हणजे मळच, असंही नाही. ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर लगेच दाखवा, त्यात थांबू नये.

आगाऊ भरलेले पैसे तुम्हाला त्याच दिवशी परत केले आहेत. कान तपासून झाल्यावर आईंना मसाजला जरूर आणा. बुकिंग करताना मशीनचं आणि मधुमेहाचं सांगून ठेवा, म्हणजे डोक्याचं तेल कानाकडे ओघळू नये याची मुली काळजी घेतील.